मास्तरांनी मिशी काढली

त्या दिवशी मला ताप नव्हता. हे आधीच लिहून टाकतो. मास्तरांविषयी बोलायला लागलो की मी नेहमी त्यांच्या गमतींपासून सुरुवात करतो, ऐकणारे हसतात, मीही हसतो, आणि सांगायची गोष्ट राहून जाते. जिल्ह्याच्या नाट्यस्पर्धेच्या दिवशी आमच्या शाळेची सगळी मंडळी दारव्ह्याच्या स्टेशनवर यवतमाळच्या गाडीत चढत होती, तेव्हा मी नेरच्या मोटारीत बसून आत्याकडे चाललो होतो. मास्तरांना निरोप पाठवला होता, ताप आहे. आईला सांगितलं होतं, स्पर्धा पुढे गेली. त्याच्या काही दिवस आधी आणखी एक खोटं बोललो होतो. ते या दोन्हींपेक्षा वाईट होतं.

मास्तर आम्हाला भूगोल शिकवायचे. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता आणि वर्गातला नकाशा मात्र जुनाच होता. मास्तरांनी त्याच्यावर निळ्या पेन्सिलीनं नवी हद्द काढली होती. अंगानं दणकट, आवाज खर्जातला, आणि मिशी अशी की गावात नवा माणूस आला तरी त्याला 'मिशीवाले मास्तर' एवढ्यावर घर सापडायचं. टोकं वर वळलेली असत. वर्गात एखादं उत्तर चुकलं की उजवं टोक पिळायचे, फारच चुकलं तर दोन्ही.

वक्तृत्व आणि नाटक ही खाती शाळेनं त्यांच्याकडे दिली होती, म्हणजे त्यांनी ती स्वतःच घेतली होती. वक्तृत्वाची त्यांची तालीम बैलबाजारात होत असे. आठवडी बाजाराच्या दिवशी ते आम्हाला तिथे घेऊन जायचे आणि बांधलेल्या बैलांपुढे उभं करून 'विद्यार्थी आणि शिस्त' या विषयावर बोलायला लावायचे. भोवती शेतकरी जमत. कोणी आपल्या जोडीला शिस्त लावा म्हणे. मास्तर माणसांकडे बघायचे नाहीत. त्यांचं लक्ष बैलाच्या कानाकडे. कान आमच्याकडे वळला की ते खूष. भाषणाच्या सुरुवातीला संस्कृत वचन घातलेलं त्यांना खपत नसे. लोकांना आधी तुझं तोंड तर पाहू दे, म्हणायचे.

नाटकात त्यांची वेगळीच तऱ्हा. डावं-उजवं हे शब्द त्यांना मंजूर नव्हते, कारण बोलणाऱ्याचं डावं ते बघणाऱ्याचं उजवं. म्हणून ते गावांच्या नावानं दिशा सांगायचे. शाळेच्या ओट्यावर प्रेक्षक पूर्वेला बसत, म्हणजे यवतमाळकडे. 'यवतमाळकडे तोंड कर. दोन पावलं नेरकडे. आता दिग्रसकडून पाहुणा येते.' आम्हाला त्याची इतकी सवय झाली की घरीसुद्धा आईला पाट दिग्रसकडे सरकव म्हणायचो. पहिल्या वर्षी यवतमाळला गेलो तर तिथलं स्टेज भलतीकडेच तोंड करून. कोतवाल झालेल्या मुलाला नेरकडे निघून जायचं होतं. त्यानं आत उभ्या असलेल्या शिपायाला विचारून नेर कुठे ते पक्कं केलं, आणि वेळ आल्यावर रुबाबात स्टेजवरून खाली उतरून सरळ प्रेक्षकांमधून चालत दाराबाहेर गेला. परीक्षकांनी मास्तरांना बोलावून याचा अर्थ विचारला. मास्तर म्हणाले, त्याची दिशा बरोबर होती.

शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. काम चांगलं झालं की विचारायचे, 'आज काय खाऊन आला होता बे?' एवढंच. त्या प्रश्नासाठी आम्ही महिनोन्महिने राबायचो.

ज्या नाटकाविषयी मला सांगायचं आहे ते त्यांनीच लिहिलं होतं. नवरा घर सोडून गेलेला आहे. बऱ्याच वर्षांनी तो दाढी वाढलेल्या वाटसरूच्या रूपात दाराशी येतो आणि पाणी मागतो. बायको त्याला ओळखते. पण आत जाऊन, पाणी आणून, त्याचं पिऊन होईपर्यंत ती ओळख देत नाही. तेवढ्या वेळात ती एकही शब्द बोलत नाही, आणि सगळं नाटक त्या न बोलण्यावर उभं होतं. नवरा झाला होता रऊफ. त्याच्या वडिलांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. बायको मी होतो. तेव्हा आमच्याकडे मुलींनी मुलांबरोबर नाटकात उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझा चेहरा नाजूक होता.

बाईचं काम मास्तर स्वतः करून दाखवत. पण मिशी आड यायची. म्हणून एक हात मिशीवर आडवा ठेवायचे आणि दुसऱ्या हातानं न दिसणारा तांब्या घेऊन चालत यायचे. दोन्ही हात लागतील असं काम आलं की अडचण व्हायची. मग एखाद्या मुलाला ते सांगत, 'धर रे मिशी,' आणि तो मागून हात घालून मिशी झाकायचा. यावर हसायला बंदी होती. खरं सांगायचं तर थोड्या दिवसांनी हसू यायचंही नाही. तो धिप्पाड माणूस पाण्याकडे वळला की त्याची पाठ बाईची होत असे. मी आधी कमरेत लचकून चालायचो. त्यांनी थांबवलं.

'लचकू नोको. बाई लचकत नाही. तिच्या डोक्यात चूल असते, ती कामाले निघालेली असते.'

हे मी जन्मभर विसरलो नाही. नंतर शहरात पुष्कळ नाटकं पाहिली आणि प्रत्येक वेळी बाईची चाल पाहून मनात म्हणालो, हिच्या डोक्यात चूल नाही.

शाळेच्या संमेलनात आम्ही ते नाटक केलं. बायका रडल्या. माझी आई रडली. मास्तरांनी मला काय खाऊन आला होता ते विचारलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. जिनिंग कारखान्याच्या रस्त्यानं जाताना मोठी मुलं पाठीमागून हाक मारायची, 'वहिनी, पाणी द्या ना जी.' वर्गात माझ्या बाकावर काचेच्या बांगड्या ठेवलेल्या सापडल्या. एकानं माझ्या वडिलांनाच रस्त्यात थांबवून सूनबाई कशी आहे विचारलं. वडील तहसिलीत कारकून, अबोल माणूस. त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हा नुकती मिसरूड फुटू लागली होती आणि मी चोरून वडिलांच्या आरशात ती बघत असे.

स्पर्धा आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा मास्तरांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, यवतमाळला गॅसबत्त्यांचा उजेड फार असतो, हे दिसेल, काढून टाकावं लागेल. मला कारण पाहिजेच होतं. मी म्हणालो, आई नाही म्हणते. वडील जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायचा नाही म्हणते.

ही चाल आमच्या भागात होती हे खरं. बाप गेल्यावर मिशी काढायची, त्याच्या आधी नाही. जुन्या घरांतून पाळत. पण आमच्या घरी त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं, आईला मी विचारलंही नव्हतं, आणि माझ्या ओठावर होती ती मिशी म्हणण्याजोगी नव्हतीच. मला वाटलं, मास्तर उजवं टोक पिळतील आणि मला झापतील. तसं झालं नाही. त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढली. मग म्हणाले, 'बरं झालं तू सांगितलं. मी असं म्हणायले नोको होतं.' त्यावर पावडर लावू, भागून जाईल, असं त्यांनीच सुचवलं.

त्यांचे वडील तेव्हा हयात होते. नेरजवळच्या खेड्यातले. बायको वारल्यावर मुलाकडे राहायला आले होते. त्यांना आम्ही सगळे बाबाजी म्हणायचो. नजर अधू झाली होती. दिवसभर ओट्यावर उन्हात सुपारी कातरत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखायचे. मास्तर शाळेत निघताना त्यांच्या पायांवर डोकं ठेवत. बाबाजी त्यांच्या डोक्यावर हात ठेवण्याऐवजी मिशीवरून बोट फिरवायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी मी ते कारण सांगितलं.

यवतमाळला काय झालं ते मला रऊफनं सांगितलं. स्टेशनवर माझा निरोप पोचला तेव्हा मास्तरांनी गाडीतून कोणालाही उतरू दिलं नाही. तिथे पोचल्यावर ते संयोजकांना भेटले. संयोजक म्हणाले, पात्र आलं नसेल तर नाव मागे घ्या. मास्तरांनी विचारलं, मी काम केलं तर? शिक्षकाला स्पर्धेत भाग घेता येत नाही, पण स्पर्धेबाहेर प्रयोग करायचा असेल तर करा, असं उत्तर मिळालं. मुलांनी इतके दिवस मेहनत केली आहे, त्यांना स्टेजवर उभं राहू द्या, एवढंच मास्तर म्हणाले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा मुलांनी त्यांना ओळखलं नाही.

'अबे, पयले तं पूर्ण हॉल हासला,' रऊफ म्हणाला. 'एवढा मोठा माणूस लुगड्यात. शिट्ट्या वाजून राह्यल्या होत्या. मले वाटलं आता हे बसून जाईन. मंग ते पाणी घेऊन आले ना, तं कोणी हासलं नाही. मीच पाहत राह्यलो. पाणी सांडलं मी.'

बक्षीस अर्थातच दुसऱ्या शाळेला गेलं. रऊफनं मला विचारलं नाही की तू कुठे होतास. तो नंतर माझ्याशी बोलत होता, पण त्या नाटकाबद्दल बोलला तो तेवढाच.

मी नेरहून परत आलो त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले. हातात संत्री होती. गळ्याभोवती आणि तोंडावरून मफलर. आत आल्यावर त्यांनी तो काढला. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिनं घाबरून विचारलं, 'मास्तर, बाबाजी?'

'नाही नाही, बाबाजी ठीक आहेत. नाटकासाठी काढली.'

'बाबाजी असताना?' आई म्हणाली.

ती सहज म्हणाली होती. पण मास्तरांनी मान खाली घातली, जणू आई जे म्हणेल असं त्यांना वाटत होतं तेच ती म्हणाली. मग त्यांनी माझा ताप कसा आहे विचारलं. आईला ताप माहीतच नव्हता. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आता बरा आहे म्हणाली. मास्तरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं हे त्यांना कळलं असलंच पाहिजे. निघताना दाराशी ते मला हळूच म्हणाले, 'तुह्या आईचं बरोबर होतं.'

तिथे मी बोलायला हवं होतं. आई स्वयंपाकघरात गेली होती, मास्तर पायात चपला घालत होते, आणि एक वाक्य पुरलं असतं. मी संत्री हातात धरून उभा राहिलो.

पुढचं आमच्या सगळ्या गावानं पाहिलं. यवतमाळहून परतताना दारव्ह्याला उतरल्यावर त्यांच्या खेड्यातला कोणी माणूस समोर आला होता. त्यानं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. अशी गोष्ट रस्त्यात विचारायची नसते म्हणून त्यानं काही विचारलं नाही, नुसते हात जोडले आणि गावी जाऊन सांगितलं. मास्तरांना तो नमस्कारच वाटला. ते आमच्याकडे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खेड्यातली भाऊबंद मंडळी आली. पद्धतीप्रमाणे बायकांनी गल्लीच्या तोंडापासूनच रडायला सुरुवात केली. बाबाजी ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी सुनेला विचारलं, 'कोणाकडे झालं वं?'

रडणाऱ्या बायका ओट्यापाशी आल्या आणि बाबाजींना पाहून थांबल्या. त्यांतली एक भीतीनं मागे सरकली. मग कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला दटावलं, आणि सगळा उलगडा तिथेच रस्त्यावर झाला. थंडीच्या नावाखाली मास्तर दीड-दोन दिवस बापापुढे मफलर गुंडाळून वावरले होते. बाबाजींनी त्यांना जवळ बोलावलं आणि ओठांवरून बोट फिरवलं. मास्तरांशी बोलले नाहीत. सुनेकडे तोंड करून म्हणाले, 'सूनबाई, याले सांग, मी अजून आहो.'

बाबाजी जाईपर्यंत त्यांनी मुलाशी असंच बोलणं ठेवलं. मास्तर समोर बसलेले असले तरी ते सुनेला सांगायचे आणि सून मास्तरांना. मास्तरांचं उत्तरही तिच्याच मार्फत. बाबाजींनी तिच्याकरवी एकच गोष्ट मागून घेतली की यानं पुन्हा नाटकाच्या पायरीला पाय लावू नये. मास्तरांनी ती पाळली. शाळेत नाटकाचं काम ड्रिलच्या मास्तरांकडे गेलं. त्यांनी छापील नाटकं आणली आणि शिट्टी वाजवून बसवली. मास्तरांची मिशी पुन्हा आली, पण टोकं वर नव्हती. भूगोलाच्या तासाला चुकीचं उत्तर आलं तरी हात तिकडे जात नसे. तालमीच्या वेळी ते शाळेच्या मागच्या दारानं घरी जायचे, कारण पुढच्या दारानं गेलं तर तालमीचा ओटा लागायचा.

मी मॅट्रिक झालो, नागपूरला शिकलो, तिथेच नोकरीला लागलो. कितीदा तरी दारव्ह्याला आलो आणि मास्तरांना न भेटता परत गेलो. बाबाजी गेल्याचं मला पत्रातून कळलं. तेव्हाही मी आलो नाही. मनाची समजूत मी अशी घातली होती की त्यांनी जे केलं ते त्यांच्या हौसेनं केलं, मी काही त्यांना वस्तरा लावायला सांगितलं नव्हतं. बरीच वर्षं हे चाललं.

मग माझे वडील गेले. घाटावर न्हावी माझ्यासमोर बसला, साबण लावला, आणि वस्तरा ओठाला टेकला. थंड लागला. त्या क्षणी मला वडील आठवायला हवे होते. मला यवतमाळमधलं कुठलं तरी सलून आठवलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात बसलेले मास्तर.

तेरावं झाल्यावर मी नेरला गेलो. निवृत्त होऊन ते तिथे राहायला गेले होते. पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते, अंगानं उतरले होते. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी नाव विचारायच्या आधी विचारलं, 'कधी गेले?' मग ओळखलं, जवळ बसवलं, वडिलांच्या आजाराची चौकशी केली. बाबाजींच्या त्याच सूनबाई, म्हणजे आमच्या काकू, चहा देऊन आत गेल्या. मी चहा तसाच ठेवला आणि सांगायला लागलो. चिडवणारी मुलं, नेरची मोटार, ताप. ते मान हलवत होते. ताप खोटा होता हे त्यांना माहीत होतं, त्याचं काही नाही, म्हणाले. मग मी आईचं सांगितलं.

'म्हणजे तुह्या आईनं नाही म्हटलं नव्हतं?'

'नाही सर. मी तिला विचारलंच नव्हतं.'

त्यांनी माझा गार झालेला चहा बाजूला सरकवला. मग जे बोलले ते मी ऐकायला आलो नव्हतो. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की चूक त्यांचीच झाली. बाप जिवंत असलेल्या पोराला आपण मिशी काढायला सांगितली, त्याच्या आईच्या मनाला लागलं, म्हणून पोर आलं नाही. यवतमाळला न्हाव्यापुढे बसताना त्यांनी मनाशी म्हटलं होतं की दुसऱ्याच्या लेकराले जे सांगितलं ते माह्यावर येऊ दे. म्हणूनच बाबाजी बोलेनासे झाले तेव्हा त्यांनी एकदाही आपली बाजू मांडली नाही. हे आपल्याला मिळायलाच हवं होतं असं धरून चालले.

'बाबाजी गेले तवा मी उशाशीच होतो,' ते म्हणाले. 'तिले म्हणाले, याले सांग, जेवून घेजो म्हणा. तवाही तिलेच.'

मी म्हणालो, सर, मला माफ करा. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागानं नाही. त्यांनी आत हाक मारली. काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

'मले नोको सांगू,' मास्तर म्हणाले. 'हिले सांग. दोघांचंही हिनंच ऐकलं. आम्ही तं गप्प बसलो होतो.'

'काय झालं जी?' काकूंनी विचारलं. त्यांच्याशी मी उभ्या आयुष्यात चहा-पाण्यापलीकडे बोललो नव्हतो. मी उठून उभा राहिलो.

'काकू,' मी म्हणालो, 'सरांनी मिशी काढली त्याला कारण मी होतो. पोरं चिडवत होती, मला लाज वाटत होती, म्हणून मी आईच्या नावावर खोटं बोललो आणि पळून गेलो. सरांना ते खरं वाटलं. बाबाजी शेवटपर्यंत सरांशी बोलले नाहीत ते माझ्यामुळे. तुम्ही इतकी वर्षं एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवत राहिलात, तेही माझ्यामुळे. मला तेव्हाच सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. मला माफ करा.'